बॉनेटखालची मालकी

‘सर्व्हिसिंग’ हा शब्द मराठीत आला तेव्हा त्याचे ‘सेवा’ या शब्दाशी काही नाते आहे, हे बोलणाऱ्याच्या लक्षात राहिले नाही. ते बरेच झाले म्हणायचे. आपल्याकडे सेवा म्हटली की एका टोकाला देवाचे पाय येतात आणि दुसऱ्या टोकाला सेवाज्येष्ठतेची यादी. गाडीच्या बाबतीत मात्र कोण कोणाची सेवा करतो, हा प्रश्न जितका विचार करावा तितका अवघड होत जातो. गेली चार वर्षे आमच्या घरी विजेवर चालणारी मोटार आहे. चार गल्ल्या पलीकडे, ताईच्या घरी, दाजींची जर्मन बनावटीची आलिशान पेट्रोल सेडान आहे. कोल्हापूर तेच, खड्डे तेच, पाऊसही तोच; त्यामुळे तुलना करण्याचा मोह आवरत नाही.

पैशाचा हिशेब लवकर संपतो. दाजींची गाडी शहरात लिटरमागे आठ-नऊ किलोमीटर चालते आणि पेट्रोल शंभरीपार आहे. म्हणजे किलोमीटरला बारा रुपये धरा. आमची गाडी घरच्या विजेवर दीड-दोन रुपयांत तेवढेच अंतर कापते. खरेदीच्या वेळचा करही बोलका आहे. विजेच्या गाडीवर 2019च्या ऑगस्टपासून पाच टक्के जीएसटी आहे. मोठ्या पेट्रोल गाडीवर पूर्वी अठ्ठावीस टक्के आणि वर उपकर होता, तो 2025च्या सप्टेंबरपासून सरसकट चाळीस टक्के झाला. पण दाजी हिशेबाला बधणारे गृहस्थ नव्हेत. ‘‘तुझी गाडी म्हणजे मिक्सर आहे रे,’’ ते म्हणतात, ‘‘बटण दाबलं की फिरतो. त्याला इंजिन म्हणत नाहीत.’’ त्यांच्या गाडीचा सहा सिलिंडरांचा आवाज ऐकला की या वाक्यात निव्वळ चेष्टा नाही, हे मान्य करावे लागते.

दाजींची गाडी सर्व्हिसिंगला पुण्याला जाते. जायला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, यायला तेवढेच. तिथे काचेची दालने आहेत, चामड्याचे कोच आहेत, कॉफी आहे आणि वाढदिवसाला न चुकता फोन करणारा एक नम्र तरुण आहे. इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचे ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, पट्टे, ब्रेक पॅड अशी यादी निघते आणि पाच आकडी बिल हे साधे बिल मानले जाते. एकदा मागचे एअर सस्पेन्शन बसले, तेव्हा गाडी ट्रकवर चढून पुण्याला गेली, अठरा दिवसांनी परत आली आणि बिल सहा आकडी झाले. दाजींनी ते कुरकुर न करता भरले. मला वाटते, या बिलातही त्यांना मालकीचा एक पुरावा दिसतो. पूर्वी हत्ती पोसणारा माणूस त्याच्या चाऱ्याचा हिशेब कोणाला मुद्दाम ऐकवीत असेल, तसेच काहीसे हे.

आमच्या गाडीची सेवा याउलट इतकी क्षुल्लक की, पहिल्या वेळी काही झालेच नाही असे वाटले. एका मुलाने लॅपटॉप जोडला, एसीचा फिल्टर बदलला, बॅटरी थंड ठेवणारे कूलंट आणि ब्रेकचे ऑइल तपासले, वायपरचे पाणी भरले. ब्रेक पॅड चार वर्षांनंतरही नव्यासारखे आहेत, कारण पाय उचलला की मोटारच जनित्र बनते आणि वेगातून वीज परत बॅटरीत घालते. आंबोली घाट उतरताना पडद्यावरचे टक्के हळूहळू वाढताना पाहणे हा एक निर्मळ आनंद आहे. निसर्गाने केलेली परतफेड म्हणावी अशी. टायर मात्र लवकर झिजतात. बॅटरीमुळे गाडी वजनदार असते आणि मोटारचा जोर पहिल्या क्षणापासूनच चाकांवर पडतो. शिवाय त्या वर्कशॉपमध्ये पेट्रोल गाड्यांना हात लावणारे वीस आणि विजेच्या गाडीचे शिक्षण घेतलेला एकच. तो रजेवर असला की आपणही रजेवर. इथे कॉफी नाही, वाढदिवसाचा फोन नाही. आणि एके सकाळी मात्र असे झाले, की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त ओढून धरू लागली. रात्री सॉफ्टवेअर बदलले होते. आमच्याच अंगणात, आम्ही झोपलेले असताना, कोणीतरी दूरवरून आमची गाडी थोडी वेगळी करून गेले होते.

या दोन सेवांच्या मध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. तिथले मेस्त्री तीस वर्षे गाड्या उघडत आहेत. ते गाडी चालू करायला सांगतात, बॉनेटवर तळहात ठेवतात, आणि ‘टॅपेट वाजतंय’ एवढे बोलून कामाला लागतात. आमच्या पहिल्या दोन्ही पेट्रोल गाड्या त्यांच्याच हातच्या. विजेची गाडी दाखवायला नेली तेव्हा त्यांनी आत वाकून बराच वेळ पाहिले. उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या वायरी या गाड्यांत ठळक नारिंगी रंगाच्या असतात, शेकडो व्होल्टची खूण म्हणून. मेस्त्री मागे सरले आणि म्हणाले, ‘‘सर, नारिंगी वायरला आपण हात लावणार नाही.’’ सबंध आयुष्यात त्यांनी गाडीबद्दल ‘नाही’ म्हटल्याचे मी तेव्हाच ऐकले.

पण एवढ्यावरून विजेच्या गाडीने मेस्त्रींना हद्दपार केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दाजींच्या गाडीपाशी तरी त्यांना काय मिळाले? तिथे ऑइल मोजायची पट्टीच नाही. पातळी पडद्यावर वाचायची. अशा काही गाड्यांत साधी बॅटरी बदलली तरी तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, आणि ते उपकरण गॅरेजवाल्याकडे असेलच असे नाही. पेट्रोल आणि वीज या भांडणात आपण नको तिथे रेघ ओढतो. खरी रेघ आहे ती उघडता येणारी गाडी आणि न उघडणारी गाडी यांच्यात. आणि दाजींची व माझी गाडी, एक गर्जणारी आणि एक मुकी, त्या रेघेच्या एकाच बाजूला उभ्या आहेत.

इतिहासात हे भांडण आधी एकदा होऊन गेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विजेच्या गाड्यांना चांगली मागणी होती. पेट्रोल गाडी हँडल फिरवून सुरू करावी लागे आणि ते हँडल उलटले तर मनगट मोडे. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवीत. मग 1912 साली कॅडिलॅक या आलिशान पेट्रोल गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला. एक छोटी मोटार, एक छोटी बॅटरी. आणि मोठ्या बॅटरीच्या गाड्या पुढच्या काही वर्षांत मागे पडल्या. विजेने विजेलाच हरवले. त्या परत आल्या तेव्हा मालकीचा प्रश्न घेऊनच आल्या. जनरल मोटर्सची ईव्ही-1 ही गाडी 1996 पासून केवळ भाड्याने दिली गेली. 2003च्या सुमारास कंपनीने गाड्या परत मागवल्या आणि, विकत घ्यायला तयार असलेली माणसे दारात उभी असताना, बहुतेक चिरडून टाकल्या. चालवणाऱ्यांचे त्या गाड्यांवर प्रेम होते. कागद मात्र त्यांच्या नावाचे नव्हते.

गेल्या पावसाळ्यात आमची गाडी एका सकाळी उघडेना. दरवाजा लोखंडी किल्लीने उघडला, पण आत सगळा अंधार. आदल्या रात्री मोठी बॅटरी ऐंशी टक्क्यांवर होती. मदतकेंद्राने तक्रारीचा क्रमांक दिला, माणूस परवा येईल असे सांगितले, आणि बाहेरच्या कोणाला हात लावू देऊ नका, वॉरंटीला बाधा येईल, अशी समजही दिली. मी तरीही मेस्त्रींना बोलावले. त्यांनी बॉनेट उचलले, नारिंगी वायरींपासून हात राखून कोपऱ्यातला एक काळा डबा दाखवला. विजेच्या गाडीतही दिवे, कुलपे, संगणक जागे करायला बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असते. ती मेली की मोठी भरलेली असून उपयोग नाही. ‘‘ही तर आपलीच,’’ मेस्त्री म्हणाले. त्यांनी दुसऱ्या बॅटरीवरून केबल जोडल्या आणि पडदा उजळला. पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, ‘‘ह्याचे काय घ्यायचे, सर?’’

तिसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा नवी बॅटरी घेऊन आला. आयटीआय झालेला, विशीतला, पाठीला लॅपटॉप. दाजी त्यांची गाडी थांबवून बघायला उतरले होते, ‘‘मिक्सर दुरुस्त झाला का?’’ म्हणून. मेस्त्रीही हात पुसत आले. बदलाबदल दहा मिनिटांत झाली. पण मेस्त्री हलेनात. त्यांनी नारिंगी वायरीकडे बोट दाखवून मुलाला विचारले, ‘‘ही कुठं जाते?’’ मुलाने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्या काळवंडलेल्या बोटांकडे पाहिले. मग लॅपटॉप मिटून तो बॉनेटवर वाकला, आणि पुढचा अर्धा तास ते दोघे काय बोलत होते, ते दाजींना आणि मला फारसे कळले नाही.