आठ पाऊण सहा

परवा नातीला निबंध लिहायचा होता. इंग्रजी माध्यमातली मुलगी, मराठी हा एक विषय, आणि घरात मराठीची निवृत्त शिक्षिका आजी. मग स्वतःचे डोके कशाला चालवायचे? विषय होता 'समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ'. मी मेथी निवडता निवडता सांगू लागले, "लिही. मावळत्या सूर्याचा तांबडा गोळा क्षितिजाला टेकला होता. चंदेरी लाटा किनाऱ्याशी लपंडाव खेळत होत्या. वाळूवर शंखशिंपल्यांचा सडा पडला होता..." एकही वाक्य अडले नाही. नळ सोडावा तसे येत होते.

तिने पेन थांबवले आणि विचारले, "आजी, तू हे कुठल्या समुद्रावर बघितलंस?"

मी हसून वेळ मारून नेली. पण रात्री झोप येईना. हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी मला एका मुलाने विचारायला हवा होता. त्याने विचारला नाही, कारण मी त्याला विचारू दिला नाही. ती गोष्ट आजवर कोणाला सांगितलेली नाही. भाचेमंडळी इथे वाचतात हे ठाऊक असूनही आज लिहिते आहे.

आधी माझ्या समुद्राबद्दल. माझा जन्म माण तालुक्यातला, १९५१चा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चमकणारा एक तुकडा. साताऱ्याला कॉलेजात गेले तेव्हा माहुलीला कृष्णा आणि वेण्णेचा संगम पाहिला, तोच माझा तोवरचा महासागर! खरा समुद्र मी वर्गात बसून पाहिला, कवितांमधून. सावरकरांची सागराला उद्देशून लिहिलेली कविता, कुसुमाग्रजांचे 'कोलंबसचे गर्वगीत', बा. भ. बोरकरांच्या कवितेतला गोव्याचा ओला, हिरवा किनारा. डोळे मिटले की लाटा दिसत. १९७३ साली लग्न होऊन घाटकोपरला आले आणि ह्यांनी पहिल्याच रविवारी हौसेने गिरगाव चौपाटीवर नेले. मातकट पाणी, भेळेचे कागद, वाळूत रुतलेली नारळाची करवंटी. मी इतकी हिरमुसले की ह्यांना वाटले माझी चप्पल हरवली! तेव्हा मी चूक समुद्राची ठरवली. कवितेची किंवा माझ्या वाचनाची काही चूक असू शकते, हे मनातही आले नाही.

१९७६ पासून अंधेरीतल्या एका मराठी शाळेत शिकवू लागले. रोज घाटकोपर ते दादर, पूल चढून उतरून दादर ते अंधेरी. माझ्या वर्गात वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली पाचसहा मुले असत. त्यांच्या दप्तराला सुक्या मासळीचा वास येतो म्हणून बाकीची मुले कुरकुर करत, आणि मी त्यांना दामटून गप्प करत असे. एवढे केले की आपण फार न्यायी, असे मला वाटे.

१९८३ साल असेल. आठवीला सहामाहीत हाच निबंध घातला होता, 'समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ'. पंचेचाळीस वह्यांत पंचेचाळीस तांबडे गोळे. नाही, चव्वेचाळीस. कोळीवाड्यातल्या एका मुलाने भलतेच लिहिले होते. त्याची वाक्ये मला आजही जवळजवळ तशीच आठवतात. "त्या दिवशी अष्टमी होती. भरती संध्याकाळी सहाला होती. भांग होता म्हणून पाणी वर चढले नाही. भांगात डोलीला मासळी लागत नाही. बाबा आणि मी वाळूवर बसलो. बाबांनी मला जाळ्याची गाठ शिकवली. मग काळोख झाला."

इतकेच. पुरते एक पानही नाही. मी लाल शाईने खाली लिहिले, 'पंचांग नको, वर्णन हवे. विषयांतर.' दहापैकी चार गुण.

मुलाने काही म्हटले नाही. वही घेतली आणि जागेवर जाऊन बसला. वार्षिक परीक्षेत पावसाळ्यावर निबंध होता. त्याने लिहिले, काळ्या मेघांनी आकाश झाकोळले, वसुंधरेने हिरवा शालू नेसला, बळीराजा आनंदला. जून-जुलैत ज्याच्या घरची होडी किनाऱ्यावर चढवून झाकून ठेवलेली असते, त्या मुलाचा हा पावसाळा! मी खूश झाले. वर्गात वाचून दाखवला आणि त्याला आठ गुण दिले.

ते चार गुण एक वेळ विसरता येतील. हे आठ मला बोचतात.

आता थोडे कवितांविषयी, कारण मूळ घोटाळा तिथेच आहे. मी तेहेतीस वर्षे ज्या समुद्रकविता शिकवल्या, त्या आता पुन्हा काढून वाचते आहे. आणि ध्यानात येते की त्यांत 'समुद्राचे वर्णन' फार थोडे आहे. सावरकर नाशिकजवळच्या भगूरचे, माझ्यासारखेच बिनसमुद्राच्या गावचे. त्यांनी ती कविता १९०९ साली इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचली. त्याच वर्षी थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेप झाली होती. त्या कवितेत ते समुद्राशी भांडतात, त्याला जाब विचारतात. तो कसा दिसतो याच्याशी त्यांना काही देणेघेणे नाही. कुसुमाग्रज पुण्यात जन्मले, पिंपळगाव बसवंत आणि नाशिक भागात वाढले. 'विशाखा' १९४२ची. तिच्यातला कोलंबस समुद्राला आव्हान देतो, त्याचे कौतुक करत बसत नाही. केशवसुत मात्र रत्नागिरीजवळच्या मालगुंडचे, समुद्राच्या कुशीतले. पण पोटासाठी शाळामास्तरकी करत मुंबई, खानदेश, धारवाड असे हिंडले. गावाकडून येणारा नैर्ऋत्येचा वारा अंगाला लागला तेव्हा त्यांनी त्या वाऱ्यालाच उद्देशून कविता लिहिली. बोरकर झुआरीकाठच्या बोरीचे. त्यांच्या कवितेत माड आणि पाणी येते ते सजावट म्हणून येत नाही. घरातली माणसे यावीत तसे येते.

म्हणजे बघा, प्रत्येकाला काहीतरी हवे होते. कोणाला मायभूमी, कोणाला पलीकडचा किनारा, कोणाला गावचे अंगण. समुद्र मध्ये होता म्हणून तो कवितेत आला. मी मुलांना हे 'हवे असणे' शिकवलेच नाही. मी शिकवल्या उपमा, उत्प्रेक्षा, चेतनगुणोक्ती. परीक्षेत त्यांनाच गुण होते ना!

आणखी एक गोष्ट फार उशिरा कळली. वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्सची कविता इंग्रजीच्या तासाला आपल्यातल्या पुष्कळांनी पाठ केली असेल. कवितेत कवी एकटाच भटकतो आहे. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याकाठी ती फुले दिसली तेव्हा बहीण डोरोथी त्याच्या सोबत होती. तिने आपल्या रोजनिशीत त्या दिवसाची साधी नोंद केली, वारा कसा होता, फुले कुठपासून कुठवर पसरली होती, काही दगडांवर कशी टेकली होती. भावाने कविता लिहिली ती १८०४ मध्ये, दोन वर्षांनी. पुस्तकात आली १८०७ला. ती नोंद त्याच्या हाताशी होती. डोरोथीची ती नोंद माझ्या वर्गात आली असती तर मी तिलाही 'पंचांग नको' असेच लिहिले असते. दहापैकी चार.

असो. तर नातीच्या प्रश्नानंतर आठवड्याने मी तिला म्हटले, "चल, निबंध लिहायच्या आधी समुद्र बघून येऊ." गुडघे कुरकुरत होते, पण आता घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो आहे. जून २०१४ मध्ये सुरू झाली, जेमतेम साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशने. माझी नोकरी संपली २००९ला आणि ही आली पाच वर्षांनी, हे दुःख सांगायचे कोणाला! नाव वर्सोवा असले तरी स्टेशनातून समुद्र दिसत नाही. सात बंगल्याला उतरून पुढे रिक्षा करावी लागते. किनारा मी धास्तावूनच पाहिला, कारण जुन्या दिवसांतले प्लॅस्टिकचे ढीग डोळ्यांसमोर होते. पण २०१५ पासून अफरोज शाह यांच्यासोबत शेकडो लोकांनी इथला कचरा उपसला, आणि मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे गेली. कचरा आजही आहे, पण पाय टेकायला वाळू आहे.

कोळीवाड्याच्या बाजूला बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते. साठीच्या एक बाई ते सारखे करत होत्या. वेळ चारची. नातीने विचारले, "मावशी, पाणी वर येतंय की खाली जातंय?"

"येतंय. आज षष्ठी ना? साडेचारला भरेल."

मी विचारले, "मोबाइलवर बघता का?"

त्या हसल्या. "त्याला मोबाइल कशाला? तिथ धरायची आणि पाऊण पट करायची. सहा पाऊण साडेचार."

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. पाऊणकी! पावकी, निमकी, पाऊणकी, हे सगळे मी माणच्या शाळेत जमिनीवर बसून, डोलत डोलत घोकले होते. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड... भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मिनिटाचा हिशोब नाही, पण होडीला पुरतो. आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेले, "सात पाऊण सव्वापाच, आठ पाऊण सहा."

अष्टमी. संध्याकाळी सहा. मुलाने पंचांग लिहिले नव्हते. त्याला ती वेळ ठाऊक होती, इतकेच.

मी त्या बाईंना भांगाचे विचारले. त्यांनी सांगितले ते असे. पुनव-अमावास्येला उधाण, पाण्याला ओढ जोरात. डोल म्हणजे पिशवीसारखे जाळे, पाण्यात एका जागी बांधून ठेवायचे. ओढ असेल तर मासळी त्यात शिरते. अष्टमीच्या सुमारास भांग लागतो, पाणी सुस्तावते, डोल रिकामी लोंबते. मग होड्या बंदराला येतात.

"आणि माणसं?" मी विचारले.

"माणसं घरी. भांगातच काय ती घरी. जाळी शिवतात, पोरांना घेऊन बसतात. उधाणात कोण दिसतंय!"

मी तिथेच एका उलट्या घातलेल्या होडीला टेकून बसले. 'भांगात डोलीला मासळी लागत नाही. बाबा आणि मी वाळूवर बसलो.' या दोन वाक्यांच्या मध्ये जे होते ते मला बेचाळीस वर्षांनी दिसले. पंधरवड्यातले चार दिवस बाप घरी असतो, त्यातली एक संध्याकाळ. मग काळोख झाला. त्या पोराने सबंध निबंधात 'आनंद' हा शब्द लिहिला नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. वर्गात एकच कविता लिहिली गेली होती आणि ती मी लाल शाईने झाकून टाकली.

त्याचे नाव मला आठवते, पण इथे लिहिणार नाही. आता तो पंचावन्नच्या घरात असेल. त्या बाईंना विचारावे असे ओठांवर आले होते. विचारले नाही. सापडला असता तर काय म्हणणार होते? 'बाळा, तुझे सहा गुण राहिलेत माझ्याकडे'? त्याला ती वही आठवतही नसेल. किंवा आठवत असेल, आणि त्याचीच मला भीती वाटली.

साडेचारला खरेच पाणी थबकले. नातीने फोनमध्ये वेळ पाहिली आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. घरी येऊन तिने निबंध लिहिला. त्यात मेट्रो आहे, रिक्षावाल्याशी झालेली माझी हुज्जत आहे, बोंबलांचा वास आहे, आणि 'आजी अचानक पाढे म्हणू लागली व मग बराच वेळ गप्प बसली' असे एक वाक्य आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका आहेत. मी तेवढ्या पेन्सिलीने दुरुस्त केल्या. बाकी एका शब्दाला हात लावला नाही.

तुमच्यापैकी कोणी हर्णै, मालवण, वसई, उरण, गोव्याकडचे असाल, तर तुमच्याकडे भरती-ओहोटीला, वाऱ्याला काय काय शब्द आहेत ते मला जरूर कळवा. सजवून लिहू नका. जसे घरी बोलता तसेच लिहा.