स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलाची पातळी

हाताने गिअर बदलावे लागणाऱ्या मोटारीत गिअरबॉक्समधील तेलाचे काम मुख्यतः वंगणाचे असते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मात्र तेच तेल इंजिनाची ताकद पुढे पोचवते, आपल्या दाबाने क्लचच्या चकत्या आवळून धरते, कोणता गिअर केव्हा पडावा हे ठरवणाऱ्या झडपांमधून वाहते आणि या साऱ्या खटाटोपात निर्माण झालेली उष्णता वाहून नेते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवलेल्या टॉर्क कन्व्हर्टर या भागात समोरासमोर दोन पंखे असतात. इंजिनाला जोडलेला पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या माऱ्याने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो, म्हणजे गाडी हलू लागते त्या क्षणी ताकद एका बाजूकडून दुसरीकडे जाते ती केवळ द्रवातून. या कल्पनेचे पेटंट जर्मन अभियंता हेरमान फॉटिंगर याने १९०५ साली घेतले होते, परंतु द्रवातून ताकद नेणारी पूर्ण स्वयंचलित यंत्रणा सर्वसामान्य ग्राहकाच्या मोटारीत मोठ्या संख्येने आली ती जनरल मोटर्सच्या ‘हायड्रा-मॅटिक’मुळे, जी १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसवण्यात आली. या तेलात क्लचच्या घर्षणावर ताबा ठेवणारी द्रव्ये मिसळावी लागतात, आणि १९७० च्या सुमारापर्यंत त्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जाई. अमेरिकेने हा प्राणी संकटग्रस्त ठरवल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्यायी द्रव्ये शोधावी लागली. गॅरेजमध्ये ‘एटीएफ’ म्हणून मागितल्या जाणाऱ्या लाल तेलामागे एवढा इतिहास आहे.

प्रस्तुत लेखकाच्या वापरातील चार गतींच्या जुन्या सेडानमध्ये या तेलाची कमतरता प्रथम जाणवली ती पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लागणाऱ्या खंबाटकी घाटात. चढावर इंजिनाचे फेरे वाढत, परंतु त्या मानाने वेग वाढत नसे. शिवाय सकाळी थंड गाडी ‘डी’मध्ये टाकल्यावर ती ओढ घेण्यापूर्वी क्षणभर थांबल्यासारखी वाटे. या दोन्ही लक्षणांचे मूळ एकच असू शकते. गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या पसरट भांड्यातून, ज्याला गॅरेजमध्ये सर्रास ‘चेंबर’ म्हणतात, पंप तेल ओढून घेत असतो. पातळी खाली गेली की वळणावर किंवा चढावर पंपाच्या तोंडाशी तेलाबरोबर हवाही येते, हवा दाबली जात असल्याने क्लचच्या चकत्यांवर पुरेसा दाब पडत नाही, चकत्या घसरतात आणि घसरण्यातून जी उष्णता निर्माण होते ती उरलेल्या तेलाचा कस आणखी कमी करते. घाटात हा प्रकार अधिक वेगाने घडतो, कारण कमी वेग आणि मोठा भार असताना टॉर्क कन्व्हर्टरमधील दोन पंख्यांच्या गतीत बरेच अंतर राहते आणि त्या अंतराची सारी किंमत तेल तापून चुकवते.

तपासणी ही वरवर पाहता साधी क्रिया आहे, तरी तिच्यातील प्रत्येक पायरीला कारण आहे आणि ते कारण ठाऊक नसेल तर डिपस्टिकवरील खूण दिशाभूल करू शकते. तेल तापल्यावर फुगते, त्यामुळे थंड गाडीत योग्य दिसणारी पातळी गरम गाडीत जास्त ठरते; म्हणूनच डिपस्टिकवर थंड आणि गरम अशा दोन स्वतंत्र खुणा कोरलेल्या असतात आणि त्यांपैकी गरम अवस्थेची खूणच विश्वासार्ह मानावी लागते. तेल साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असावे. इंजिन जागेवर चालू ठेवून तेवढे तापमान सहज येत नाही, त्यासाठी गाडी रस्त्यावर काही अंतर चालवून आणणेच योग्य. नंतर सपाट जागा पाहून गाडी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, ब्रेक दाबून ठेवून गिअरचा दांडा प्रत्येक स्थितीत क्षणभर थांबवत पुन्हा ‘पी’वर आणावा, म्हणजे झडपांच्या साऱ्या वाटा तेलाने भरतात. अशा गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक ओढायची असते, कारण इंजिन बंद होताच पंप थांबतो, वरच्या भागांतील तेल चेंबरमध्ये उतरते आणि पातळी खोटी उंच दिसते. हा नियमही सार्वत्रिक नाही: होंडाच्या कित्येक स्वयंचलित गाड्यांत इंजिन बंद केल्यावर ६० ते ९० सेकंदांच्या आत पातळी पाहावी असे सांगितलेले असते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेचा शब्द कोणत्याही अनुभवी माणसाच्या शब्दापेक्षा वरचा धरावा, असे लेखकाचे ठाम मत आहे. पहिल्यांदा ओढलेली डिपस्टिक नुसती पुसायची असते, आणि तीही धागे न सोडणाऱ्या कापडाने, कारण सुताचा एखादा तंतूही झडपेच्या बारीक वाटेत अडकू शकतो. खरे वाचन दुसऱ्यांदा, पट्टी पूर्ण आत बसवून बाहेर काढल्यावर होते.

त्या वाचनात पातळी गरम पट्ट्याच्या बरीच खाली आढळली. पांढऱ्या कागदावर टाकलेला थेंब तांबूस तपकिरी होता, पण त्याला करपलेला वास नव्हता, आणि ही बाब दिलासा देणारी होती. या तेलाचा लाल रंग इंजिन ऑइलपासून ते वेगळे ओळखू यावे म्हणून घातलेला असतो, त्यामुळे रंग थोडा मावळल्याने तेल निकामी ठरत नाही. काळपट रंगासोबत जळका वास आला तर मात्र क्लचच्या चकत्यांचे अस्तर जळू लागल्याची शंका घ्यावी लागते. थेंब गुलाबी दुधासारखा दिसला तर धोका वेगळाच: बहुतेक गाड्यांत हे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतून जाते, तिला छिद्र पडले की कूलंट तेलात मिसळते आणि चकत्यांचे अस्तर सुटू लागते. लेखकाच्या गाडीतील तूट मात्र रेडिएटरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या क्लिपपाशी दिसलेल्या लाल ओलीतून झाली होती. गिअरबॉक्स तेल जाळून संपवत नाही. पातळी उतरली असेल तर कोठेतरी गळती आहेच, आणि ती शोधल्याविना वरून तेल घालत राहण्यात काही अर्थ नाही.

नळी आणि क्लिप बदलल्यावर तेलही जुने झालेले असल्याने ते उपसण्याचे ठरले. गाडी घोड्यांवर नीट बसवल्यावर तळाचा नट उघडला गेला, आणि निघालेले तेल मापाच्या भांड्यात धरले गेले. या मोजण्याला फार महत्त्व आहे, कारण जेवढे निघाले तेवढेच प्रथम घालायचे असते. सुमारे ३ लिटर तेल निघाले. चेंबरमधील लोहचुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता, जो झिजेचा नेहमीचा अंश मानला जातो. टोचणारे धातूचे तुकडे सापडले असते तर काम तेथेच थांबवून गिअरबॉक्स उघडण्याचा विचार करावा लागला असता. गाळणी व पॅकिंग बदलून, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल डिपस्टिकच्या नळीतून लांब नरसाळ्याने घालण्यात आले. शेवटचा भाग थोडा-थोडा ओतत, दर वेळी पातळी पाहत पूर्ण करावा लागतो, कारण खालच्या आणि वरच्या खुणेतील अंतर अर्ध्या लिटरपेक्षाही कमी तेलाचे असू शकते. अधिक तेल घालणे हे कमी तेलाइतकेच घातक आहे: फिरणारे गिअर वाढलेल्या पातळीला घुसळतात, तेलाला फेस येतो आणि फेसातील हवा पुन्हा तीच दाबाची तूट निर्माण करते.

यातून सगळे तेल बदलले असे मात्र होत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत बरेच तेल अडकून राहते. एकूण साडेसात लिटर तेलापैकी ३ लिटर बदलले तर ४० टक्केच नवे होते, काही काळ गाडी चालवून तीच कृती दुसऱ्यांदा केल्यावर नव्याचे प्रमाण ६४ टक्क्यांवर आणि तिसऱ्यांदा ७८ टक्क्यांवर जाते. यंत्राच्या दाबाने सारे तेल एकदम लोटून बदलण्याची पद्धतही आहे, परंतु जुन्या आणि कधीच तेल न बदललेल्या गिअरबॉक्ससाठी टप्प्याटप्प्याची वाट लेखकाला अधिक सुरक्षित वाटते. अलीकडच्या अनेक गाड्यांत डिपस्टिक नसतेच. तेथे स्कॅनरवर तेलाचे तापमान पाहत, बाजूच्या किंवा तळाच्या नटातून जादा तेल थेंबाथेंबाने ओघळू लागेपर्यंत भरावे लागते, आणि हे काम लिफ्ट असलेल्या कारखान्यातच व्हावे. सीव्हीटी, म्हणजे पट्टा आणि कप्प्यांवर चालणाऱ्या गिअरबॉक्सचे तेल याहून निराळे असते आणि दोन्हींची अदलाबदल चालत नाही. एएमटी गाड्यांत तर साध्याच गिअरबॉक्सचे गिअर यंत्राच्या हाताने बदलले जात असल्याने वर सांगितलेली तपासणी त्यांना लागूच पडत नाही.

उपसलेले तेल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे पोचवण्यासाठी गॅरेजकडे देण्यात आले. भारतीय नियमांनुसार असे तेल घातक कचऱ्यात मोडते, आणि ते गटारात किंवा मोकळ्या जमिनीवर ओतल्यास पाणी व माती दोन्ही दीर्घकाळ नासतात. दुरुस्तीनंतर घाटातून केलेल्या प्रवासात फेरे आणि वेग यांचा मेळ पुन्हा बसला, सकाळचा विलंबही उरला नाही. तरीही नव्या क्लिपपाशी ओल दिसते का, हे लेखक गाडी गरम असताना अधूनमधून वाकून पाहत असतो.