डोहातल्या साती आसरा

नदीकाठी उंबराच्या मुळांशी सात दगड ओळीने मांडलेले असतात. शेंदराचे थर चढून चढून त्यांचे कंगोरे बुजलेले. पुढ्यात हिरव्या बांगड्या, खणाची घडी, कापलेलं लिंबू आणि दहीभाताचा मुटका. भाताला लागलेली मुंग्यांची रांग थेट पाण्यापर्यंत उतरते. कळस नाही, दार नाही, पुजारीही नाही. या साती आसरा. ब्रह्मगिरीवरून खळाळत आलेली गोदा जिथे थबकते, काळीभोर आणि खोल होते, तिथे त्यांची वस्ती.

मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी अशी त्यांची नावं परंपरा सांगते. मासोळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगर. डोहात जे जे जगतं, त्यालाच आपल्या माणसांनी हळदकुंकू वाहिलं. भर दुपारी डोहात उतरू नये, तिन्हीसांजेला काठावर एकटं रेंगाळू नये, पाण्यात घाण करू नये, नाहीतर आसरा ओढून नेतात, असं आजी बजावायची. नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिला नारळ आसरांचा. बाळंतीण उठली की तीही पाण्यापाशी जाऊन ओटी भरायची.

पाण्याचा असा धाक दूरदेशीही आहे. इंग्लंडमध्ये लँकेशरच्या तळ्यांत जेनी ग्रीनटीथ दबा धरून बसते. तिचं हिरवं रूप म्हणजे संथ पाण्यावर दाट पसरणारी टिकलीएवढ्या पानांची पाणवनस्पती. जमीन समजून पोराने पाय टाकावा आणि खाली खोल पाणी असावं. टीज नदीत पेग पाउलर आहे. कॉर्नवॉलमधल्या झेनॉर गावच्या चर्चमध्ये तर पंधराव्या शतकातल्या लाकडी बाकावर आरसा-फणी घेतलेली जलपरीच कोरलेली आहे. पोरं बुडू नयेत ही काळजी तिथेही तीच. आपल्याकडे मात्र भ्यायलेल्या बाईने त्या भीतीशी नातं जोडलं. जिचा धाक, तिलाच माहेरवाशिणीसारखा चुडा दिला, खण दिला, दहीभात भरवला.

नाशिककराला हा धाक आणि ही माया दोन्ही ठाऊक आहेत. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की अख्खं शहर गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, लोटतं आणि पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी पुराची बातमी घरोघर पोचते. गढूळ लोंढ्यापुढे आपोआप हात जोडले जातात.

पूर ओसरला की मात्र हात सैल सुटतात. रामकुंडाच्या परिसरात पात्राच्या तळावर काँक्रीट पडलं आणि जुन्या कुंडांचे झरे त्याखाली कोंडले गेले. सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेली शहराच्या खालच्या अंगाला नदी झाकून टाकतात. जेनीच्या तळ्यासारखंच हेही हिरवं आवरण, पण इथे त्याखाली घुसमटते ती नदी. तिथून आणखी पुढे निफाड तालुक्यात गोदा-कादवा संगमावर नांदूर मध्यमेश्वरचं पाणी पसरलं आहे, 2020 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. हिवाळी सकाळी तिथे जांभळी पाणकोंबडी लांब बोटांनी गवताचा कोंब धरून सोलते, कमळपक्षी तरंगत्या पानांवरून तुरुतुरु चालतो. धुकं विरेपर्यंत बोलावंसं वाटत नाही. शहराने जे सोडलं, ते पोटात घेऊनही नदी एवढ्या जिवांना थारा देते.

2027 च्या सिंहस्थाला लाखो माणसं या पाण्यात उतरतील. देव मोठे आहेत, त्यांची व्यवस्था होईलच. साती आसरांचं मागणं लहान आहे: तळाशी माती-वाळू, कपारीत खेकडा मावेल एवढी जागा आणि बेडकाला अंडी घालता येतील असं निर्मळ पाणी. ते आधी द्यावं. मग शेंदूर, बांगड्या आणि दहीभात खुशाल वाहावा.