वाघीण

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणत. वॅगन हा शब्द तोंडात घोळून तसा झाला होता. वर्तमानपत्रांत कोळशाच्या, सिमेंटच्या, खताच्या वाघिणी येत-जात. आता रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी जोडलेली गाडी, लागतो. वाघिणी अधूनमधून छापून येतात, बोलण्यात येत नाहीत.

चार चाकांची उघडी वाघीण गेली. तिचे पत्रे रिव्हेट ठोकून जोडलेले असत. तिचे मॉडेल करणाऱ्याला रिव्हेट मोजावे लागतात. १:८७ या प्रमाणात एका रिव्हेटचे डोके खसखशीच्या दाण्याहून बारीक होते. जुनी छायाचित्रे बहुतेक इंजिनांची आहेत. वाघीण कडेला अर्धीमुर्धी आलेली असते. उरलेले रिव्हेट अंदाजाने बसवतात.

दोन वाघिणींच्या मध्ये शिरून साखळी अडकवणारा माणूस असे. दोन्हीकडचे बफर एकमेकांवर आदळत आणि तो आवाज यार्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जाई. नव्या वाघिणींना बाजूचे बफर नाहीत. मधला कपलर आपोआप धरतो.

आसाच्या टोकाला पेटी असे. तिला झाकण होते. आत तेलात भिजवलेले सुताचे बोळे. गाडी थांबली की झाकणे उचलून तेल पाहिले जाई. तेल संपले तर आस तापे, आणि वाघीण मध्येच कुठल्या तरी स्टेशनात काढून ठेवावी लागे. रोलर बेअरिंग आले. झाकणे गेली, तेलाचे डबे गेले. मॉडेलवर झाकण करतात. दोन-तीन मिलिमीटरचे असते, उघडत नाही.

वाघिणीच्या अंगावर खडूने लिहीत. तपासणीची खूण, दुरुस्तीला काढल्याची खूण, कधी नुसता बाण. लेबलाची चौकट असे. तिच्यात कुठून कुठे जाणार तो कागद. एक माणूस वही आणि कंदील घेऊन गाडीच्या कडेने चालत प्रत्येक वाघिणीचा नंबर उतरवून घेई. पूर्ण रेक एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाऊ लागला, तेव्हा लेबल निरर्थक झाले. नंबर संगणकात गेले. सुट्या वाघिणी जुळवण्याची मोठी यार्डे रिकामी झाली. रुळांमध्ये बाभळी आहेत.

बॉक्स नावाची वाघीण बफरसकट १३.७ मीटर लांब होती. १९८०च्या दशकात बॉक्सएन आली. ती १०.७ मीटर, आखूड आणि उंच. त्यामुळे स्टेशनातल्या एका लूपलाइनीत, म्हणजे बाजूच्या रुळावर, जास्त कोळसा मावू लागला. मॉडेलमध्ये पहिली १५८ मिलिमीटर, दुसरी १२३. अठ्ठावन्न बॉक्सएनचा रेक प्रमाणशीर करायचा तर सात मीटरहून लांब होतो. घरात तेवढी भिंत नसते. बहुतेक रेक सहा वाघिणींवर थांबतात.

भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवे. बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे युरोपचा. वाघिणीची उंची बरोबर, दारे बरोबर, रंग बरोबर. खाली बल्लारशाचा कोळसा युरोपच्या रुळावर उभा. काही जण स्वतः रूळ ठोकून घेतात. ते थोडे आहेत.

वरोऱ्याला कोळशाची खाण होती. १८७०च्या दशकात वर्ध्याहून तिच्यासाठी रूळ टाकले. १९०६ मध्ये खाण बंद झाली. रूळ राहिले, पुढे बल्लारशाकडे गेले. आज त्यावरून दिल्ली-चेन्नईच्या गाड्या धावतात. वरोऱ्याला त्यातल्या बऱ्याच थांबत नाहीत.

छिंदवाड्याच्या बाजूने नॅरोगेजवर कोळसा येत असे. त्या वाघिणी माणसाच्या खांद्याएवढ्या वाटत. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये थांबली, नागपूर-नागभीड २०१९ मध्ये. नागपुरात २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. लोक इंजिनासमोर उभे राहून फोटो काढतात.

वाघीण रिकामी करायला माणसे लागत. फावडे, घमेले, डोक्यावर फडके. वेळेत रिकामी झाली नाही तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागे, म्हणून रात्रीही माणसे बोलावत. नंतर टिपलर आला. तो वाघीण उचलून पालथी करतो. बॉबआर वाघिणीचा तळच उघडतो, कोळसा खाली पडतो, गाडी हळूहळू पुढे सरकत राहते. त्या जागी कोणी नसते. मॉडेलच्या दुकानात फावडे धरलेली माणसे मिळतात, पण ती जर्मन आहेत. टोपी खरवडून त्यांना फडके बांधावे लागते.

शेवटच्या डब्यात गार्ड असे. लाल दिवा, हिरवे निशाण, लोखंडी पेटी, जेवणाचा डबा. २०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. लोक अजून गार्डच म्हणतात.

फाटके कमी झाली. त्या जागी उड्डाणपूल आले. फाटकाशी थांबलेल्याला वाघिणीची बाजू दिसे: नंबर, तारेने बांधलेले दार, लोडरच्या बकेटचा धक्का लागून बाहेर आलेला पत्रा. पुलावरून फक्त कोळसा दिसतो.

तो कोळसा मॉडेलमध्ये खराच घालतात, कुटून, चाळून. तो फार चमकतो. काळी फवारणी करून त्याची चमक मारावी लागते.

स्टेनलेसच्या नव्या वाघिणी दोन टनांनी हलक्या आहेत. लाल-तपकिरी जुन्या भंगारात जातात. त्या टनाच्या भावाने विकतात. गॅसने कापायच्या आधी त्यांची मापे कोणी घेत नाही. कधी एखादा मॉडेल करणारा टेप आणि वही घेऊन जातो, परवानगी मिळाली तर.

नंबर अकरा आकडी. पाचवा आणि सहावा आकडा बांधणीचे साल सांगतात. कापून गेलेल्या वाघिणीचा नंबर छायाचित्रातून मॉडेलवर उतरवतात. त्याच्या शेजारी रिकाम्या वाघिणीचे वजन. त्याखाली वर्कशॉपला परत पाठवण्याची तारीख. छायाचित्रात ती वाचता येत नाही. तेवढ्या जागेवर धूळ रंगवतात.