किरकोळ गोष्टी

कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठाला लांबलचक दगडी कट्टा आहे. दिवस कलला, की गावातली माणसे वाऱ्याला म्हणून त्या कट्ट्यावर येऊन बसतात. आम्ही तिघे मित्रही कित्येक वर्षे तेथे बसत आलो आहोत. एक शिंपीकाम करणारा माझा बालमित्र, दुसरा टपाल खात्यातून निवृत्त झालेला, आणि तिसरा मी.

आम्ही रोज एवढे बोलतो तरी काय, असे कुणी विचारले, तर सांगण्यासारखे काहीच नसते. वांगी महागली, कुणाची म्हैस व्याली, तळ्याचे पाणी उतरून संध्यामठ कालच्यापेक्षा अंमळ अधिक दिसू लागला, असल्याच त्या गोष्टी! घरी परतेपर्यंत त्यांतली निम्मी विसरूनही जातात.

मग निघतो सिनेमाचा विषय. १९२० साली बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ ज्या गावात तयार झाला, १९२९ साली ‘प्रभात’चा जन्म जेथे झाला, त्या गावात सिनेमावर मत नसलेला माणूस सापडणे कठीणच. आमच्या वादाचा कायमचा विषय म्हणजे शांतारामबापूंचा १९४१ सालचा ‘शेजारी’. एक हिंदू, एक मुसलमान, असे दोन जिवलग शेजारी. दोघांनाही बुद्धिबळाचे वेड. धरण बांधू पाहणारा एक धनिक त्यांच्यात वितुष्ट पाडतो, आणि शेवटी धरण फुटते तेव्हा मृत्यूच्या दारात ते पुन्हा एक होतात. टपालवाल्या मित्राच्या मते असा शेवट दुसरा होणे नाही. शिंपीमित्राचा आक्षेप मात्र दर वेळी तोच. “अरे, धरण फुटायची वाट कशाला पाहायची? आधीच एकाने दुसऱ्याच्या दारात जाऊन बोलायचे!”

या शिंपीमित्राला आणखी एक सवय होती. आज गुडघा धरला, काल झोप लागली नाही, डाव्या खांद्यात कळ येते, असा प्रकृतीचा सारा जमाखर्च तो रोज आमच्यापुढे मांडीत असे. एके दिवशी माझे मन कशाने तरी त्रासले होते. मी फटकन म्हणालो, “तुझे हे दुखण्याचे पुराण आता पुरे कर बाबा!”

तो हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याने प्रकृतीचे नाव काढले नाही. बरे झाले, कटकट मिटली, असे मला वाटले.

पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी कट्ट्यावरची त्याची जागा रिकामी राहिली. तो रुग्णालयात आहे, असे सकाळी कळले. हृदयाला रक्त पुरवणारी एक वाहिनी जवळजवळ बंद झाली होती. हृदयाची वेदना पुष्कळदा छातीत न राहता डाव्या हातात, खांद्यात किंवा जबड्यातही उमटते, असे डॉक्टरांनी मला समजावून सांगितले. जिना चढताना खांद्यात येणारी ती कळ त्याने इतके दिवस मुकाट्याने सोसली होती.

मी त्याच्या खाटेजवळ बसलो. “लेका, एका शब्दाने तरी सांगायचे होतेस!”

“तूच म्हणालास ना, पुराण पुरे म्हणून?” तो शांतपणे म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच ते बोलणे माझ्या मनात खोल रुतले. त्याच्या दारात जाऊन बोलायला मीही धरण फुटायचीच वाट पाहिली होती.

सुदैवाने वेळ गेली नव्हती. शस्त्रक्रिया होऊन तो बरा झाला. काठी टेकीत तो पहिल्यांदा कट्ट्यावर आला, तेव्हा मी लगबगीने विचारले, “खांदा कसा आहे?”

“ते सांगतो मागाहून. आधी सांग, पाणी किती उतरले?”

मी त्याला पाणी सांगितले, वांग्यांचा भाव सांगितला, शेजारच्या म्हशीची खबरही दिली. तो सारे मन लावून ऐकत होता. पूर्वी एकदा, माझ्या सदऱ्याची उसवलेली शिवण नीट करताना तो म्हणाला होता, “कापड कितीही भारी असो, सदरा धरून ठेवतो तो बारीक टाकाच.” त्या संध्याकाळी मला ते बोलणे आठवले. मग त्याने आपल्या खांद्याची हकीकत सुरू केली. ती चांगली लांबली, पण मी मध्ये एकदाही बोललो नाही.