न्हाणीचं पाणी, मेंदीचं कुंपण

जळगाव जामोद तालुक्यात घरासाठी जागा बघायला गेलेला माणूस पूर्वी आधी पाण्याची चव विचारायचा आणि मग जागेचा भाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, आणि या दोघांमधल्या थोड्याशा कोसांत पाणी बदलत जातं. डोंगराच्या पायथ्याशी गोट्या-वाळूच्या थरांतून मुरलेलं पाणी गोड, पण खोल. पूर्णेकडे उतरत जावं तसं ते मचूळ होतं, मग खारं. अकोला, अमरावती आणि आमच्या बुलढाण्यात पसरलेला हा खारपाणपट्टा. विहीर काठोकाठ भरलेली, आणि तरी घरात प्यायला घोटभर पाणी नाही, हे बाहेरगावच्या पाहुण्याला सांगून पटायचं नाही. त्याला एक गडवा भरून हातात द्यावा लागे.

आमचं गावातलं जुनं घर पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, धाब्याचं. मागच्या आवारात दगडानं बांधलेली विहीर, तिच्यावर लाकडी चाक आणि अंबाडीचा दोर. दोर घासून घासून काठाच्या दगडाला बोटभर खोल खाचा पडल्या होत्या, आणि नवी सून त्या खाचेतच दोर धरायला शिकायची. पहाटेची पहिली बादली देवाची, पुढच्या पिण्याच्या. घडवंचीवर तांब्या-पितळेची भांडी, खाली अर्धा जमिनीत पुरलेला रांजण, दाराशी माठ. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळलं की आजी माठाच्या आतून निवळीची बी घासायची आणि तोंडाला सुती फडकं दुहेरी बांधायची. घरात पाणी किती आहे हे विचारायची गरज नव्हती. रांजणात डोकावलं की कळे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी घागर येई. पितरांच्या नावानं ती भरायची, पुजायची, आणि मग उन्हाळाभर तिचंच गार पाणी प्यायचं. त्याच सणाला आमच्याच तालुक्यात भेंडवळला घटमांडणी होते. शेतात धान्याचं रिंगण, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकळं किती भिजली ते पाहून पावसाचा अंदाज सांगतात. त्याला शास्त्राचा आधार नाही, हे मी स्पष्ट म्हणेन. पण त्या अंदाजावर आमच्या ओसरीत दिवसभर जी बोलणी चालत, विहिरीतला गाळ यंदा काढायचा का, दोर नवा घ्यायचा का, कुंपणाच्या कुपाटीला काट्या किती लागतील, ती पाण्याची खरीखुरी आखणी असे. पाऊस यायच्या आत घर पाण्याविषयी एकदा तरी एकत्र बसत असे.

आत्याचं सासर पूर्णेकडचं. तिच्या घरी दोन पाणी. वापरायचं विहिरीचं खारं, आणि प्यायचं बैलगाडीवर टिपाड ठेवून दूरच्या गोड्या विहिरीवरून आणलेलं. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. चूल तासभर पेटवा, दाणा दाण्याला वेगळाच राहतो आणि वरण वरण होत नाही. म्हणून पाऊस लागला, धाबं एकदा धुऊन निघालं, की आत्या पन्हळीखाली हंडे, पातेली, असेल ते भांडं लावायची. त्या पाण्यात तुरीची डाळ बघता बघता फुटायची. श्रावणात तिच्याकडे गेलं की वरणाला निराळीच चव लागे. आज ज्याला छतावरच्या पावसाचं संकलन म्हणून योजना, अनुदान आणि भिंतीवरच्या घोषणा आहेत, ते ती बाई वरणासाठी करत होती.

या पाण्याचा पुढचा प्रवास मला जास्त मोलाचा वाटतो. न्हाणीतून निघालेली नाली आधी केळीच्या बुडाशी जाई, मग अळूच्या वाफ्यात, आणि तिथून कुपाटीच्या कडेनं थेट फाटकापर्यंत. आजी कुदळीच्या एका टोल्यानं, शेतात बारं मोडावं तशी, धार इकडची तिकडे वळवायची. तिचं म्हणणं साधं होतं : "पानी दोनदा कामी आल्याबिगर फाटकाबाहीर जाऊ देऊ नोको." राख, शिकेकाई आणि मातीनं घासलेल्या भांड्यांचं ते पाणी, त्यानं झाडाला अपाय व्हायचा नाही. आमची कुपाटी त्यावरच हिरवी राहिली.

ती कुपाटीही एका वर्षात उभी राहिलेली नव्हती. पहिल्या उन्हाळ्यात शेतातून गाडीभर बोराटीच्या आणि बाभळीच्या काट्या आणायच्या, बेचक्याच्या काठीनं दाबून रचायच्या. ही सुकी कुपाटी दोन पावसाळे टिकते, मग वाळवी खाते. तेवढ्या मुदतीत तिच्या आडोशानं जिवंत कुपाटी वाढवायची. मृगाचा पाऊस जमिनीत उतरला की मातीचा हातभर उंच वरंबा घालायचा आणि त्यावर मेंदीच्या काड्या दोन ओळींत, एकीच्या खाचेसमोर दुसरीची काडी येईल अशा, वीतभर अंतरानं खोचायच्या. मध्येमध्ये शेवग्याचा किंवा पांगाऱ्याचा जाड खुंट. तो मूळ धरतो आणि पुढे आयुष्यभराचा खांब होतो. पहिली दोन वर्षं छाटणी निर्दयपणे खालून करायची, म्हणजे बुडाशी दाट फुटवा येतो. वर वाढू दिली की खाली भोकं पडतात, आणि कोंबडी, कुत्रं, शेळी तिथूनच शिरतं. गुरांच्या वाटेच्या बाजूला शेर लावत. त्याच्या चिकाला जनावर तोंड लावत नाही.

त्याआधीच्या पिढीत फड्या निवडुंगाचं कुंपण सर्रास असे. 1926 मध्ये श्रीलंकेतून भारतात आणलेल्या कोचिनिल जातीच्या किडीनं निवडुंगाची बेटंच्या बेटं संपवली, आणि माणसं पुन्हा मेंदी-शेराकडे वळली. मेंदीचा आणखी एक उपयोग होता, आणि माझ्या बहिणींच्या लेखी तोच मुख्य. राखी-पोळ्याच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या पोरी कुपाटी ओरबाडायला येत. पाट्यावर कात घालून वाटलेल्या त्या पाल्याचा हिरवा, कडवट वास दोन दिवस आवारात राही. कुणी कुणाला हटकत नसे. कुपाटी आमची, पाला गल्लीचा.

इथं एक गोष्ट सांगितली नाही तर हे सगळं खोटं होईल. तो दोर बायका ओढत होत्या. आईच्या तळहातांवरचे घट्टे मी पाहिले आहेत. 1972 च्या दुष्काळात पाणी आणायला पोरीबाळींना किती चालावं लागलं हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून सांगतात. त्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर आणि हातपंप आले. देशभर गेलेल्या त्या इंडिया मार्क टू पंपामागे जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या आणि विहीर खोदणाऱ्या मंडळींनी केलेल्या सुधारणा होत्या, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो. पुढे सातपुड्याच्या पायथ्याला वारीजवळ वान नदीवरच्या हनुमान सागर धरणाचं गोड पाणी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या खारपाणपट्ट्याच्या गावांसाठी योजनेत आलं. 140 गावांची योजना म्हणूनच ती इकडे ओळखली जाते. ज्या गावांतून वर्षानुवर्षं किडनीच्या रुग्णांच्या बातम्या येत राहिल्या, तिथं नळाला गोड पाणी येणं म्हणजे काय हे आत्याच्या सुनेला विचारावं. 2019 पासूनच्या जल जीवन मिशननं माणशी रोज 55 लिटरचं माप धरलं आहे. जुन्या विहिरीवर कितीही जीव असला तरी नळ बंद करून दोराकडे परत जा, असं मी कुणालाही म्हणणार नाही.

नव्या घरांत हरवलं आहे ते पाण्याचं दिसणं. आम्ही गावाबाहेरच्या ले-आऊटमध्ये घर बांधायला काढलं तेव्हा हे मला रोज जाणवत होतं. प्लंबर सकाळी येई, भिंतीत झिऱ्या मारी, सीपीव्हीसीचे पाईप सोल्युशन लावून जोडी, आणि संध्याकाळपर्यंत गवंडी त्यावर गिलावा करून मोकळा होई. पाणी कुठून आलं आणि कुठं गेलं, हे घरच्यांना कायमचं अदृश्य. पूर्वीच्या जीआय पाईपला आटे पाडून, सफेदा आणि धागा गुंडाळून पान्ह्यानं आवळताना बाबा शेजारी उभे असत. कोणता नळ कशावर आहे ते घराला माहीत असे.

म्हणून आम्ही काही गोष्टी आग्रहानं करून घेतल्या. गच्चीवर दोन टाक्या, एक नळाच्या गोड पाण्याची, दुसरी बोअरची. "भाऊ, दोन लायनी कायले? एकीतच टाका ना, खर्चा वाचते," असं प्लंबर म्हणाला, आणि त्याच्या हिशेबानं ते बरोबर होतं. पण बोअरचं पाणी गिझरच्या कॉइलवर आणि शॉवरच्या भोकांवर पांढरा थर धरतं, आणि एकदा दोन पाणी मिसळलं की गोड पाणीही हातचं गेलं. टाकी छतापासून आणखी उंच ओट्यावर घेतली. 10 मीटर उंचीला जेमतेम 1 किलो दाब मिळतो, मग घराच्या टाकीला किती मिळणार ते उघड आहे. प्रत्येक न्हाणीघराला वेगळा कॉक आहे, म्हणजे एक गळका नळ बदलायला सगळं घर कोरडं करावं लागत नाही. आणि गिलाव्याच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवले, टेप लावून, मापासकट. खिळा ठोकायच्या आधी ते बघायचे.

सगळ्यात जास्त वाद सांडपाण्यावर झाला. संडासाचा पाईप वेगळा आणि न्हाणी-बेसिनचा वेगळा, हे मी सोडलं नाही. न्हाणीचं पाणी आधी जाळीच्या आणि खडी-कोळशाच्या छोट्या हौदातून जातं आणि मग कुंपणाच्या वरंब्याकडे. आताच्या साबणांत मीठ-सोडा फार, म्हणून कपड्यांच्या मशीनचं पाणी त्यात नाही. आरओचं वाया जाणारं पाणीही नाही. पाण्यातले क्षार त्यातच गोळा झालेले असतात आणि आमची काळी माती ते धरून ठेवते. ते पाणी फरशी पुसायला जातं. छताचा पाऊस बोअरशेजारच्या खड्ड्यात सोडला आहे. 100 चौरस मीटर छतावर 1 मिमी पाऊस म्हणजे 100 लिटर. वर्षाचा पाऊस 700 मिमी धरला आणि वाहून-वाफून जाणारं सोडलं, तरी पन्नास हजार लिटरच्या वर पाणी जमिनीत जातं.

ले-आऊटमधल्या बहुतेक घरांना सिमेंटची भिंत आणि भिंतीला लागून कोनोकार्पस. भरभर वाढतो, बाराही महिने हिरवा, दिसतो नीटस. पण त्याची मुळं ओल शोधत पाईपच्या सांध्यांत आणि गटारांत शिरतात. तेलंगणानं आणि मग 2023 मध्ये गुजरातनं त्याच्या लागवडीवर बंदी घातली ती उगाच नाही. ज्या घरानं लाखभर रुपयांचे पाईप जमिनीत घातले, त्यानंच त्यांच्या डोक्यावर हे झाड लावावं, याचं मला फार वाईट वाटतं. त्यात जुलै 2023 च्या अतिवृष्टीत तालुक्यात घरांत पाणी शिरलेलं आम्ही पाहिलंय. सलग भिंतीच्या आवारात पाणी तुंबतं. कुपाटीतून ते निथळून जातं.

तेव्हा भिंत आम्ही फक्त रस्त्याच्या बाजूला घातली. पूर्व-पश्चिमेला तारेची जाळी आणि तिच्या आत मेंदी, जुन्या घराच्या कुपाटीवरूनच आणलेल्या काड्यांची. न्हाणीच्या पाण्यावर तिनं पहिल्याच वर्षी गुडघ्याएवढी उंची गाठली आणि आता तिला कैची लागायची वेळ झाली आहे. मागची बाजू अजून उघडी आहे. तिथून शेळ्या येतात म्हणून आईला शेर हवा. चीक पोरांच्या डोळ्यांत जाईल म्हणून मला करवंद हवं, ते काट्यानं अडवतं आणि खायलाही देतं. करवंद दाट व्हायला चार वर्षं लागतील, तोवर शेळ्यांना कोण हाकलणार, हा तिचा प्रश्न रास्त आहे. मृगाच्या आत आमचं काय ते ठरायला हवं. रोपवाटिकेत दोन्हींची चौकशी करून ठेवली आहे.