एक कान घराकडे

डोळे मिटावेसे वाटले तर निसर्गानें मनुष्यास पापण्या दिल्या आहेत. कान मिटण्याची सोय मात्र त्यानें ठेविलेली नाहीं. मनुष्य निजला तरी त्याचा कान जागाच असतो, आणि मूल रडूं लागतांच आई जागी होते ती याच योजनेमुळें. अलीकडे बाजारानें कानांनाही पापण्या करून दिल्या आहेत. बिनतारी हेडफोन घेण्याचा प्रश्न आमच्या घरीं निघाला तेव्हां आम्हांस असें दिसून आलें कीं, हा प्रश्न केवळ वस्तूच्या गुणदोषांचा नाहीं. आपण काय ऐकावें आणि काय न ऐकण्यास तयार व्हावें, असा तो आहे.

आमच्या घरांत चार पिढ्या एका छपराखालीं नांदतात. पहाटे गाणें ऐकण्याची आमची जुनी संवय; त्याच वेळीं नातू अभ्यासास बसतो. परगांवीं दिलेल्या कन्येचा फोन रविवारीं येतो. तो मोठ्या आवाजांत लावला कीं तिचें सुखदुःख दिवाणखान्यांत सर्वांपुढें मांडलें जातें. सासरीं गेलेल्या मुलीला बापाशीं दोन शब्द एकांतांत बोलतां येऊं नयेत, हें आमच्या मनाला बरें वाटेना. सारांश, ही खरेदी चैनीची नव्हती.

दुकानांत मुख्यतः चार प्रकार दिसले. कानाच्या छिद्रांत बसणारीं बोंडें. संपूर्ण कान झांकणाऱ्या गाद्या. कानावर नुसत्या टेकणाऱ्या लहान गाद्या. आणि छिद्र मोकळें ठेवून कानाबाहेर राहणारें साधन. चिरंजीवांचा कल दुसऱ्या प्रकाराकडे, आणि त्यांतही बाहेरचा गोंगाट नाहींसा करणाऱ्या संचाकडे होता.

या गोंगाट-निवारणाची युक्ति आम्हांस फार आवडली. आपल्या नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानला आणि कानाच्या पोकळींत सांपडलेलें आकाश हेंच श्रोत्रेंद्रिय ठरविलें. शब्द कानापर्यंत कसा पोंचतो हें सांगण्यास त्यांनीं दोन दृष्टान्त योजले : एका लाटेंतून दुसरी लाट उठत जाते तसा, हा वीचीतरंगन्याय, आणि कदंबाच्या कळीच्या पाकळ्या एकाच वेळीं सर्व बाजूंस फुटतात तसा, हा कदंबमुकुलन्याय. आजचें विज्ञान आकाशाच्या जागीं हवा घालतें, परंतु लाटेचा दृष्टान्त कायम आहे. या संचांतील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरची लाट टिपतो, यंत्र तत्क्षणीं तिच्या नेमकी उलट लाट निर्माण करतें, आणि दोन्ही एकमेकींस शमवितात. वंगदेशांतून अमेरिकेंत गेलेल्या एका क्रांतिकारकाचे पुत्र डॉ. अमर बोस यांना १९७८ सालीं युरोपांतून परततांना विमानाच्या घरघरीपुढें हेडफोनमधील संगीत ऐकूं येईना. तेव्हां त्यांनीं त्या प्रवासांतच या गणितास आरंभ केला. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीं केलेला संच १९८९ सालीं बाजारांत आला. ही युक्ति पंख्याच्या किंवा आगगाडीच्या एकसुरी, खर्ज आवाजावर उत्तम चालते. मनुष्याची अकस्मात् हाक तितकी पुरती पुसली जात नाहीं. तथापि गाद्यांनीं कान झांकलेला आणि आंत गाणें चाललेलें, मग हळू हाक कोठून ऐकूं येणार?

सूनबाईंनीं तोच प्रश्न विचारला, “मामंजी, पहाटे आजींनीं हाक मारली तर?”

आमच्या मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐशीं. त्या हाक एकदांच मारतात. दुसऱ्यांदा मारणें म्हणजे कोणास त्रास देणें, असें त्यांस वाटतें; उत्तर आलें नाहीं तर स्वतःच भिंतीला धरून उठतात. या एका वाक्यानें निवडीची कसोटी ठरून गेली.

बाहेरचा आवाज मायक्रोफोनांतून मुद्दाम आंत घेण्याची सोय पुष्कळ बंदिस्त संचांत असते, हें चिरंजीवांनीं दाखविलें, आणि तें खरेंच आहे. परंतु ती आठवणीनें चालू करावी लागते. जी दक्षता आठवणीवर अवलंबून आहे ती साठीच्या पुढें भरंवशाची नव्हे.

आतां संगीताविषयीं. स्टिरिओ म्हणजे डाव्या-उजव्या कानांस किंचित् निराळा ध्वनि देऊन गवई, तबला व तंबोरा आपापल्या जागीं बसल्याचा भास उत्पन्न करणें. अशा ध्वनिमुद्रिका सामान्य बाजारांत आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास. अब्दुल करीमखांसाहेब १९३७ सालीं निवर्तले. त्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या एकध्वनिक आहेत, आणि कितीही भारी हेडफोन लावला तरी त्यांत नसलेली दुसरी बाजू निर्माण व्हावयाची नाहीं. ज्याचा जीव जुन्या गाण्यांत आहे त्यानें खर्ज स्वच्छ लागतो कीं नाहीं आणि तार षड्ज टोंचतो कीं काय, एवढें पाहावें. आम्हीं तंबोऱ्याचें मुद्रण लावून पाहिलें. कानाबाहेरच्या साधनांत खर्ज दुबळा भासला. टेकणाऱ्या गाद्यांत तो पुरेसा होता.

फोनची परीक्षा याहून निराळी. ब्लूटूथच्या नेहमींच्या पद्धतींत गाणें एकाच दिशेनें येतें, म्हणून तें भरदार वाटतें. संभाषण सुरू झालें कीं आपला आवाजही परत धाडावा लागतो, आणि वाट अरुंद होते. जुन्या रीतींत सुमारें ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच ध्वनि जातो, सुधारलेल्या रीतींत सुमारें ७,००० पर्यंत. याहून नवी पद्धतिही आली आहे, पण ती फोन आणि हेडफोन या दोहोंत असावी लागते. यांत सर्वांत अधिक नुकसान होतें तें ऊष्म वर्णांचें. सकाराचें बहुतेक बळ ४,००० हर्ट्झच्या वर असतें. आणि वय झालेला कानही उंच ध्वनीच प्रथम गमावतो. म्हणून ‘साल’ आणि ‘शाल’ हे शब्द पलीकडून बोलवून घ्यावे व भेद कळतो का पाहावें. आपला आवाज पलीकडे कसा जातो तें तर आपणांस मुळींच कळत नाहीं. आम्हीं रस्त्याच्या कडेला उभें राहून घरीं फोन लावला, आणि आमचे शब्द कोणत्या संचांतून स्पष्ट येतात याचा निवाडा कुटुंबाकडे सोंपविला.

आणखी तीन गोष्टी पाहाव्या. चष्मा घालून निदान वीस मिनिटें संच डोक्यावर ठेवावा. काडीवर गादीचा दाब पडून कान दुखूं लागतो तें आधीं समजत नाहीं. बोटांना लागतील अशीं खरीं बटनें असावीं. आणि तार जोडण्याची सोय असावी, म्हणजे बॅटरी उतरली तरी वस्तु निरुपयोगी होत नाहीं. छिद्रांतल्या इवल्याशा बोंडांची बॅटरी कांहीं वर्षांनीं क्षीण झाली कीं बहुधा सारी जोडीच टाकावी लागते.

मुलांच्या हातीं संच देतांना आवाजाचें मान सांगून ठेवावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढांनीं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांत ४० तासांहून अधिक ऐकूं नये. मुलांस ही मर्यादा ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढीस वेळ निम्मा करावा. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०. लोकलनें रोज जाणाऱ्या आमच्या पुतण्यास आम्हीं होऊनच बंदिस्त संच घेण्यास सांगितलें. उघड्या संचावर गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठीं तो आवाज वाढवीत गेला असता. मात्र गाडींतून उतरल्यावर रस्त्यानें चालतांना तो काढून ठेवावा, ही अट घातली.

आमच्यासाठीं कानावर टेकणारा हलका संच आला. त्यांतून भांड्यांचा आवाज येतो, दाराची कडी ऐकूं येते, आणि गाणें थोडें गढूळ होतें. तो तोटा आम्हीं समजून उमजून पत्करला आहे. गेल्या महिन्यांत पहाटे ललत ऐकत असतां मातोश्रींची हाक आली. आम्ही उठून गेलों, त्यांना पाणी हवें होतें. तंबोऱ्याच्या चार घटका शांततेपेक्षां त्या पाण्याच्या भांड्याचें मोल आम्हांस अधिक वाटतें.

ज्या घरांत माणसें आहेत तेथें हेडफोन घेतांना किंमतीच्या आधीं हें विचारावें कीं, हा कानांवर असतां कोणाची हाक आपणांस ऐकूं येणार नाहीं. उत्तर मिळालें कीं निवड अर्धी झाली. रविवारीं कन्येचा फोन आला तेव्हां ती नेहमींपेक्षां बराच वेळ बोलली. काय बोलली तें येथें सांगण्याचें कारण नाहीं. तें दिवाणखान्यांत कोणीं ऐकलें नाहीं, एवढें पुरे.